दहापैकी दहा

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खडखड आवाज यायला लागला, तेव्हा तो आवाज रस्त्याचा असल्याचं माझ्या नवऱ्याने जाहीर केलं. गुरुग्राममध्ये राहणाऱ्या माणसाला हे निदान फार सोयीचं पडतं. आमच्या सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलेलं आहे, खाली कारंजं आहे, लिफ्टमध्ये सुगंध फवारणारं यंत्र आहे, आणि गेटच्या बाहेर जे काही सुरू होतं त्याला रस्ता म्हणायला मन मोठं असावं लागतं. तेव्हा गाडी खडखडली तर दोष कोणाचा, हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. माझा नवरा इंजिनिअर आहे, फरीदाबादच्या एका कारखान्यात पंप बनवतो, म्हणून त्याने तेच जरा जास्त खात्रीने सांगितलं.

"रस्त्याचा आवाज आहे. काचा वर कर."

काचा वर केल्या. आवाज कमी झाला. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बघ, सांगितलं होतं ना.

"पण बाबा, रोड तर दोन्ही साइडला आहे ना," मागून आमची मुलगी म्हणाली. "आवाज लेफ्टलाच का येतोय?"

ती दिल्लीकडेच वाढली. तिच्या मराठीत क्रियापदं तेवढी आमची असतात, बाकी शब्द वाटेत भेटतील तसे. पण प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला आमच्या घरी जे उत्तर मिळतं तेच मिळालं. बाबांनी रेडिओ लावला.

मुलीबद्दल आत्ताच सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यावरूनच आहे. ती नुकतीच कॉलेजला जायला लागली होती. कॉलेज दक्षिण दिल्लीत. मेट्रो आहे, पण मेट्रो तुम्हाला घरी सोडत नाही, घरापासून बऱ्याच अंतरावर आणून सोडते आणि मग संध्याकाळी एकट्या मुलीने रिक्षावाल्याशी काय ते बघून घ्यायचं. मी तिच्या वयाची असताना पुण्यात स्कूटर चालवत होते आणि मला कोणी विचारत नव्हतं. म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर मीच मागे लागून तिला गाडी शिकायला पाठवलं, लायसन्स काढायला लावलं. नवरा कारखान्याच्या बसने जातो, मी ऑफिसच्या कॅबने, गाडी दिवसभर बेसमेंटमध्ये झोपलेली असते. ती तिने घेऊन जावी असं ठरलं. कुणाच्या उपकाराशिवाय घरी येता यावं, एवढीच माझी तिच्यासाठी इच्छा होती. लोक मुलींसाठी केवढं काय काय मागतात, त्यामानाने मी फारच स्वस्तात मागत होते.

आणि मग कंपनीचा मेसेज आला.

मेसेज वाचून मला गहिवरून आलं. 'आपली सुरक्षितता हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य' अशी सुरुवात होती. ज्याअर्थी असं लिहिलंय त्याअर्थी काहीतरी मोडलेलं असणार हे ओळखायला मी शिकले आहे. पुढे लिहिलं होतं की आमच्या गाडीच्या वर्षातल्या काही गाड्यांमध्ये पुढच्या सस्पेन्शनचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात, 'विशिष्ट परिस्थितीत' निसटू शकतो. कंपनी स्वतःहून पुढे येऊन तो मोफत बदलून देणार होती, याला ते 'रिकॉल' म्हणत होते. काळजीचं कारण नव्हतं. जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा.

"चाक निसटू शकतं," मी नवऱ्याला म्हणाले.

"विशिष्ट परिस्थितीत," तो म्हणाला.

"कुठल्या?"

त्याने पुन्हा वाचलं. परिस्थिती कुठली ते लिहिलं नव्हतं. पण आवाज डावीकडून का येतो याचं उत्तर आता मुलीला मिळालं होतं, आणि तिने ते चेहऱ्यावर दाखवलंही.

सर्व्हिस सेंटर हायवेच्या कडेला आहे. आमच्या घरापेक्षा ते कितीतरी चकचकीत आहे. काचेचा हॉल, एका बाजूला नव्या गाड्या, दुसऱ्या बाजूला सोफे आणि कॉफीचं मशीन, म्हणजे जुन्या गाडीचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाने कॉफी पिता पिता नव्या गाडीकडे बघत बसावं. आमच्या वाट्याला जो सर्व्हिस अॅडव्हायझर आला तो पंचविशीतला, टाय लावलेला, अतिशय गोड बोलणारा होता. त्याने गाडी आत नेली, लिफ्टवर चढवली, खालून बघितली आणि बऱ्याच वेळाने हसत बाहेर आला.

"मॅम, रिकॉल में आपकी गाड़ी है. बस पार्ट नहीं आया है."

"कधी येईल?" हे मी हिंदीत विचारलं. घराबाहेर पडलं की आमची जीभ आपोआप वळते.

"आ ही रहा है, मॅम."

"तोपर्यंत गाडी चालवायची का?"

"बिल्कुल चलाइए. बस गड्ढों से बचाके."

गुरुग्राममध्ये खड्डे चुकवून गाडी चालवायची म्हणजे ती घरातच ठेवायला हवी. हे मी त्याला म्हणालेही. तो मनापासून हसला. माझा विनोद त्याला आवडला होता.

शेजारच्या सोफ्यावर एक दिल्लीकर गृहस्थ बसले होते. त्यांचाही पार्ट आला नव्हता. पण ते आमच्यासारखे नव्हते. ते उभे राहिले आणि आपण कोणाला ओळखतो, कोणाकोणाला फोन लावू शकतो, हे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगू लागले. दोन माणसं धावत आली. त्यांना वेगळ्या केबिनमध्ये नेलं. माझ्या नवऱ्याने मान हलवली. "काय हे, ओरडून कधी कामं होतात का?" तो म्हणाला. तो सांगलीचा. त्याच्या घराण्यात आवाज न चढवणं हा वतन मिळाल्यासारखा मान आहे. तो म्हणाला, आपण व्यवस्थित मेल लिहू, मुद्देसूद. थोड्या वेळाने ते गृहस्थ बाहेर आले. पार्ट त्यांनाही मिळाला नव्हता, पण त्यांच्या कॉफीबरोबर बिस्किटं आली होती. आमच्या कॉफीबरोबर नव्हती.

निघताना गाडी धुऊन दिली होती. चाक निसटलंच तर निदान स्वच्छ निसटेल याची त्यांनी सोय केली होती. अॅडव्हायझर दारापर्यंत सोडायला आला आणि खाली वाकून, जणू घरातली गोष्ट सांगतोय असा म्हणाला, "सर, कंपनी से एक कॉल आएगा. फीडबॅक का. दस में से दस बोल दीजिएगा प्लीज. हमारे यहाँ नौ भी फेल होता है."

नऊ म्हणजे नापास अशी शाळा मी पहिल्यांदाच ऐकली. नवऱ्याला मात्र त्या मुलाची दया आली.

मधे एक रविवार आम्ही करोल बागेतही घालवला, कारण शेजाऱ्यांनी सांगितलं की तिथल्या गाड्यांच्या पार्टच्या बाजारात विमानही मिळेल. मेट्रोने गेलो. गल्लीत एका दुकानदाराने आमच्या गाडीचं नाव ऐकताच मागे न बघता हात घालून तो लोअर आर्म काढून काउंटरवर ठेवला. जी वस्तू कंपनीकडे नव्हती ती त्याच्याकडे फळीवर पडून होती.

"ओरिजिनल चाहिए या बढ़िया?" त्याने विचारलं.

नवऱ्याने फरक विचारला.

"ओरिजिनल कंपनी का. बढ़िया हमारा."

इंजिनिअरने तो बढ़िया बराच वेळ हातात उलटासुलटा करून पाहिला, त्यावर नख मारून पाहिलं आणि परत ठेवला. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की बाहेरचा पार्ट लावला तर कंपनीची जबाबदारी संपली. कंपनीची जबाबदारी अजून सुरूही झाली नव्हती, पण ती संपू नये म्हणून आम्ही पार्ट न घेता परत आलो. रिकाम्या हाताने नको म्हणून स्टिअरिंगचं कव्हर घेतलं.

मग तो फीडबॅकचा फोन आला.

मी स्वयंपाकघरात होते. नवरा बाल्कनीत बोलत होता. सुरुवात हिंदीत झाली. "हां जी, बोलिए." आमचं "हां जी" कितीही घोटलं तरी त्यात सांगली लपत नाही. पलीकडच्या मुलीने ती पकडली असावी, कारण पुढच्याच वाक्याला त्याचा आवाज बदलला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशी बोलताना तो आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

"अरे वा, तुम्ही मराठी? कुठल्या? मिरज? अहो, मग शेजारीच की आम्ही."

पोळी तव्यावर फुगली, मी ती उतरवली, दुसरी टाकली. बाल्कनीत मिरजेचं स्टेशन झालं, तिथला बाजार झाला, तिचं कॉलेज झालं. मग अधूनमधून ऐकू यायला लागलं, "दहा. हो, त्यालाही दहा. हो हो, समाधानी. अगदी. लिहा दहा." लग्नात अक्षता टाकाव्यात तसे तो दहा टाकत होता.

आत आला तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. "पुण्याच्या ऑफिसातून बोलत होती. काय छान मराठी गं. शेवटी विचारते, 'सर, आणखी काही मदत करू शकते का?' इथे आपल्याला असं कोण विचारतं?"

"काय काय विचारलं तिने?"

"काही नाही, फॉर्मॅलिटी."

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. दिवसभर ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, सोसायटीत हिंदी, घरातल्या मुलीशी खिचडी. अशात परका माणूस फोनवर 'आणखी काही मदत' म्हणाला की आपण विरघळतो. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाकडून काही काढून घ्यायचं असेल तर त्याच्याशी नीट मराठीत बोलावं, तो घराच्या किल्ल्याही देईल. मला कंपनीच्या हुशारीचं कौतुक वाटतं.

त्यानंतर आम्ही वाट बघत बसलो. मी दर थोड्या दिवसांनी अॅडव्हायझरला फोन करायचे. "आ ही रहा है, मॅम." "रास्ते में है, मॅम." "मैं खुद आपको कॉल करूँगा, मॅम." तो पार्ट जर खरोखरच वाटेत असता तर एव्हाना चालतसुद्धा पोचला असता. नवरा मेल लिहायचा. मेल इतके सुंदर असायचे की मराठी शाळेत निबंध म्हणून वाचून दाखवावेत. त्यांना ताबडतोब उत्तर यायचं की आपला मेल आम्हाला मिळाला आहे.

गाडी बेसमेंटमध्ये होती आणि मुलगी रिक्षात. एकदा ती घरी आली आणि थेट खोलीत गेली. नंतर म्हणाली, रिक्षावाला भलत्याच रस्त्याने न्यायला लागला होता, तिने आरडाओरडा केला तेव्हा वळला. म्हणाली, "आई, तूच बोलली होतीस ना, स्वतःची गाडी असली की कोणाला विचारावं नाही लागत. मग? गाडी तर आहे."

एकीकडे रिक्षा, दुसरीकडे विशिष्ट परिस्थिती. आईला निवडायला सांगितलेल्या या दोन गोष्टी. नवरा म्हणाला, "त्यांनी खालून बघितली आहे ना गाडी. चालवा म्हणालेत." मी म्हणाले, हळू चालवायची, डावीकडून चालवायची, पोचल्यावर मेसेज करायचा. ती सगळ्याला हो म्हणाली.

पहिले काही दिवस 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत मी ऑफिसात कशात लक्ष घालू शकत नव्हते. मीटिंगमध्ये फोन मांडीवर. मग हळूहळू सवय झाली. रोज भ्यायला वेळ कोणाला असतो. नंतर नंतर ती मेसेज करायला विसरायची आणि मी बघायला. खडखड चालूच होती. ती गाणी मोठ्याने लावायची.

त्या दिवशी ती दुपारी परत येत होती. हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरली आणि पुढे पाण्याचा टँकर आला. आमच्याकडे पाणी नळातून कमी आणि टँकरमधून जास्त येतं. हे टँकर रस्ताभर गळत, रांगत चालतात आणि कोणाला पुढे जाऊ देत नाहीत. त्या टँकरांना मी आयुष्यात जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या कोणाला दिल्या नाहीत. मुलगीही देत होती, मागे अडकून, माणसाच्या चालीने. पुढे साचलेलं पाणी, पाण्याखाली खड्डा. चाक त्यात गेलं, कडाड असा आवाज झाला, आणि ते वर आलंच नाही. गाडी डाव्या गुडघ्यावर बसली.

"आई," फोनवर ती म्हणाली, "चाक वाकडं झालं." मग घाईघाईने, "मी ठीक आहे. चाक एकदम वाकडं झालं."

मी ऑफिसातून तशीच निघाले. मिळेल ती रिक्षा घेतली, त्याच रिक्षा ज्यांच्यापासून मी तिला वाचवत होते. ती डिव्हायडरवर बसलेली. आजूबाजूला दहाबारा माणसं, सगळी सल्ले देणारी. कोणीतरी तिच्या हातात थंड पेयाची बाटली दिली होती, ती तिने उघडली नव्हती. एक काका विचारत होते, "बेटा, स्पीड कितनी थी?" चाक गाडीखाली आडवं पडल्यासारखं दुमडलं होतं. हायवे तिथून हाकेच्या अंतरावर होता. तिथून ती थोडा वेळ आधीच उतरली होती, आणि तिथे ती माणसाच्या चालीने चालवत नव्हती. मी तिकडे बघायचं टाळलं. तिचा हात धरला. मी फार घाबरले होते, आणि एवढी घाबरले असताना रागवायचं कोणावर ते मला सुचेना.

नवरा फरीदाबादहून आला. त्याने आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली वाकून बराच वेळ चाक पाहिलं. उठला तेव्हा त्याच्या पँटचे गुडघे चिखलाने भरले होते. "रस्त्याचा आवाज," एवढंच तो म्हणाला.

गाडी टो करून त्याच काचेच्या हॉलच्या मागे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोचलो. तोच अॅडव्हायझर, तोच टाय. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, परत पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"सर, इसमें तो रिकॉल हो चुका है. कंप्लीट दिखा रहा है."

मी म्हणाले, काय कंप्लीट? पार्टच आला नाही असं तूच मला आजवर सांगत होतास. तो म्हणाला, मी सिस्टम न बघता सांगत होतो, मॅम, सगळ्यांचाच पार्ट येतोय ना. आता सिस्टममध्ये स्पष्ट होतं. काम पूर्ण, ग्राहक समाधानी. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. 'रिकॉलचं काम पूर्ण झालं व ग्राहकाचं समाधान झालं का?' होय. गुण दहापैकी दहा. खाली अभिप्राय: 'अगदी'.

माझ्या नवऱ्याचा 'अगदी' कंपनीने जसाच्या तसा जपून ठेवला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता.

"मला वाटलं ती वागणुकीबद्दल विचारतेय," तो म्हणाला. "इतकं चांगलं बोलत होती. तिला नाही कसं म्हणणार?"

म्हणजे कंपनीच्या लेखी आमच्या गाडीत नवा, मजबूत आर्म होता आणि आमच्या मुलीने तो मोडला होता. तेव्हा आता हा अपघात झाला, आणि अपघाताच्या दुरुस्तीचे पैसे ग्राहकाचे. मी विचारलं, पार्ट कुठून आणणार? तो उत्साहाने म्हणाला, स्टॉकमध्ये आहे, मॅम, संध्याकाळपर्यंत लागून जाईल. विकत हवा असेल तर फळीवर होता. फुकट हवा असेल तर तो अजून वाटेत होता.

मला वाटलं आता तरी माझा नवरा ओरडेल. मी त्याला मनातून सांगत होते, ओरड, एकदा दिल्लीकर हो, बिस्किटं तरी मिळव. पण माणूस सांगली सोडत नाही. त्याने शांतपणे सांगितलं, मोडलेला भाग काढून माझ्या हातात द्या, तो माझा आहे. त्यांनी तो काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो घेऊन नवरा आत गेला आणि काचेच्या हॉलमध्ये, नव्या गाड्यांच्या बाजूला, गिऱ्हाईकांसाठी ठेवलेल्या टेबलावर पुस्तिकांच्या मधोमध त्याने तो ठेवला. आणि शेजारी बसला.

शनिवार होता. कुटुंबंच्या कुटुंबं नवी गाडी बघायला आली होती. एका आजोबांनी विचारलं, "ये क्या है, भाईसाहब?" नवऱ्याने आदराने त्यांना बसायला सांगितलं आणि समजावलं. हा आर्म, हा चाकाला धरतो, हा इथून तुटला, ही बघा आतली गंजलेली जुनी चीर आणि ही कालची नवी, तेव्हा माझी मुलगी चालवत होती. आवाज चढवला नाही. एकही वाईट शब्द नाही. मग एक तरुण जोडपं आलं, त्यांनाही समजावलं. त्यांच्या आईने पुन्हा विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून. शिकवायची इतकी हौस त्याला आहे हे मला माहीत होतं, तिचा उपयोग आज पहिल्यांदा पाहिला. मॅनेजर केबिनमधून जवळजवळ पळत आला. सर, आप अंदर आइए ना. नवरा म्हणाला, नको, इथे बरं आहे, उजेड चांगला आहे.

दुपार सरायच्या आत सिस्टममधली चूक दुरुस्त झाली आणि दोन्ही बाजूंचे आर्म कंपनीच्या खर्चाने बसले. गाडी धुऊनही दिली.

ही झाली जिंकल्याची गोष्ट. सोसायटीत नवरा ती अजून सांगतो. पण गाडी पुन्हा बेसमेंटमध्येच झोपते, कारण मुलगी आता ती चालवत नाही. तिने भांडण नाही केलं, रडली नाही. फक्त किल्ली परत खुंटीला लावली. "मेट्रो ठीक आहे यार, आई," म्हणते. संध्याकाळी उशीर झाला की बाबा स्टेशनवर आणायला जातात आणि ती कोणीतरी न्यायला येईपर्यंत फाटकाशी उभी राहते. मी एवढं एकच तिच्यासाठी मागितलं होतं आणि तेवढंच नेमकं त्या खड्ड्यात गेलं. आर्म मोफत बदलून मिळाला, हे मात्र मिळालं नाही. याचा मला अजून संताप येतो.

थोड्याच दिवसांत कंपनीचा फोन आला. दुरुस्ती झाली की फीडबॅक हा येतोच. नवऱ्याने स्क्रीनवरचा नंबर पाहिला आणि फोन इंगळ असल्यासारखा माझ्या हातात दिला.

"नमस्ते, यह कॉल रिकॉर्ड हो रहा है," हिंदीत सुरू झालं, आणि मी "बोला" म्हणताच मराठीत आलं. तीच. मिरजेचीच ना, असं विचारलं तर हो म्हणाली. खरंच गोड आवाज होता, नवऱ्याला मी मनातल्या मनात थोडंसं माफ केलं. तिने विचारलं, आमच्या सेवेबद्दल तुमचा अनुभव दहापैकी किती?

"शून्य," मी म्हणाले.

"ताई, इथे शून्य नाहीये. एकपासून सुरू होतं."

"मग एक."

तिने कारण विचारलं. तिच्या कागदावर तो प्रश्न असणार. मी सांगितलं. तासून ठेवलेली होती सगळी वाक्यं, जिभेवर मिरच्या ठेवूनच बसले होते. मेसेज, टँकर, खड्डा, दुमडलेलं चाक, त्याआधी ती ज्या हायवेवर होती तो, आणि तुम्ही लिहून घेतलेले दहा. टाइप केल्याचा आवाजही येत नव्हता. मला वाटलं, फोन कट झाला.

"ताई," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, तोंड फोनजवळ आणल्यासारखा. "एक विचारू? ते चाक एकदम जातं, की आधी कळतं?"

"आधी आवाज येतो," मी म्हणाले. "डावीकडून. खडखड."

पलीकडे बाकीच्या मुलींचे आवाज येत होते, सगळ्या कोणाला ना कोणाला दहापैकी किती ते विचारत होत्या.

"बाबांकडे हीच गाडी आहे," ती म्हणाली. "त्यांनाही पार्ट येतोय म्हणून सांगितलंय. आवाज येतो. पण बाबा म्हणतात, रस्त्याचा आहे."

तासून ठेवलेलं जे उरलं होतं ते माझ्या तोंडातच राहिलं. "रस्त्याचा नाही," मी म्हणाले. "त्यांना सांग, आज गाडी बाहेर काढू नका."

"आत्ताच निघालेत ते. कोल्हापूरला," ती म्हणाली, आणि आणखी काही मदत करू शकते का, हे न विचारता तिने फोन ठेवून दिला.